इंजिनाचे पाय धुतले तो दिवस

बाबा, माय गेली. तुमच्यामागं पुष्कळ वर्षं राहिली आणि गेल्या महिन्यात गेली. जाण्याआधी तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती खरं तर तुमच्या कानावर जायला पाहिजे होती. आता ऐकायला तुम्ही नाही, सांगायला ती नाही, मधल्यामधे मी उरले. म्हणून कागद घेऊन बसले आहे. पत्ता विचारू नका.

नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्याच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा. तुम्ही मला पहिल्या बाळंतपणाला न्यायला दिग्रसला आलात. व्याह्यांकडचा चहा घेतला आणि निघालो. मला वाटलं, आता थेट घरची, राळेगावची गाडी. पण यवतमाळला उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "थोडं काम हाये, पोरी. सावलीत बस." काम म्हणजे भंगारवाल्याचं आवार. माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या बाळंतपणाच्या वेळी नदीला पूर होता, दवाखाना पलीकडे हिंगणघाटला, आणि नावाडी म्हणाला, पाणी उतरल्याशिवाय नाव सोडत नाही. पाणी उतरलं तोवर ताई राहिली नव्हती. तेव्हापासून तुमच्या डोक्यात एकच घोळत होतं: आपली नाव, आणि तिला असं इंजिन की भर पुरातली धार कापून पलीकडे जाईल. नाव जुनी मिळाली होती, पण इंजिन नवं घ्यायची ऐपत नव्हती. कापसाच्या जिनात मिस्त्रीकी करणारा माणूस भंगारातच शोधणार.

तिथं इंजिनांचे तीन ब्लॉक, म्हणजे नुसते बिडाचे सांगाडे, पडलेले होते. एक शेतात पाणी ओढणाऱ्या डिझेल इंजिनाचा, ठेंगणा आणि दणकट. दुसरा ट्रकचा, एवढा जड की आपली नाव मागून बुडाली असती. तिसरा मिलिटरीच्या लिलावात निघालेल्या जीपचा, पेट्रोलवरचा, हलका. तुम्ही तो साखळीला टांगून वर घेतला, हातोडीच्या दांड्यानं ठोकला आणि डोळे मिटून ऐकत राहिलात. मला जवळ बोलावलं. "बिडाले कान द्यावा लागते. चांगलं असलं त घंटीवानी बोलते. तडकलं असलं त मडक्यावानी." तो घंटीसारखा बोलला. डिझेलवालाही बोलला. भंगारवाला म्हणाला, "मिस्त्री, डिझेलवाला घ्या. भिंती जाड हायेत, तुमच्या नातवालेही पुरन." तुम्ही डिझेलवाल्यावर हात फिरवला, जीपवाल्यावर फिरवला, आणि माझ्या पोटाकडे पाहिलं. म्हणालात, "हा बैल हाये, मले घोडा पाह्यजे. पुरात बैल काय कामाचा?" मला ते फार आवडलं होतं, बाबा. माझ्यासाठी कुणी घोडा घेत होतं.

ब्लॉक हमालांनी एसटीच्या टपावर चढवला. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट काढा. तुम्ही म्हणालात, "माह्या लेकीच्या पोटातलं फुकट येते ना? हे त्याचंच सामान हाये." अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण तिकीट फाडलंच. तुम्हीही थट्टा करता हे मला तेव्हा कळलं, लग्न होऊन गेल्यावर.

घरी आल्यावर तुम्ही ब्लॉकला रॉकेल चोळलं, कोरडा पुसला आणि माझ्या हातात खडू दिला. बारीक तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल खडूतून ओली रेघ काढतं, असं समजावलंत. सगळ्या अंगाला खडू मीच घासला. वाट पाहिली. कुठंच ओलं झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं गावानं जे म्हटलं ते मला तेव्हाही खोटं आहे हे ठाऊक होतं.

मग दिवसभर जिन आणि संध्याकाळी अंगणात इंजिन. माय भाकरी थापता थापता चुलीजवळून बोलायची, "माणसाची चार लेकरं मोठी झाली असती एवढ्यात." पण वाटी वाटी रॉकेल तीच आणून द्यायची. नागपूरहून आल्यावर तुम्ही घरातले देव टोपल्यात घालून याच नदीत सोडले होते. माय काठावर उभी राहिली. उपास सोडले, नारळ सोडले, अंगात येणारीकडे जाणं सोडलं. तुम्ही म्हणालात तसं सगळं सोडलं. एक मात्र तिनं ठेवलं होतं. नवा बैल दारात आला, सून आली, लेक बाळंतपणाला आली, की गडवाभर पाणी घेऊन पाय धुवायचे. तुम्ही एकदा टोकलं तर म्हणाली, "हे देवाचं नाही. घरी आलेल्याचं हाये." तुम्हाला पटलं होतं.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ती रविवारची सकाळ होती. लाकडी घोडीवर बसवलेलं, बाजूला पाण्याचा ड्रम. फटफट करून बंद पडलं, पुन्हा फटफट केलं, आणि मग जे लागलं ते थांबेचना. गल्लीतली पोरं गोळा झाली. तुम्ही हसत होतात, आणि तुमच्या तोंडावर काजळी होती. पुष्कळ वेळ चालवून तुम्ही ते बंद केलं, आणि पान्हा घ्यायला वाकलात. तेवढ्यात माय गडवा घेऊन बाहेर आली. यवतमाळहून ते गाडीवर आलं तेव्हा तिनं पाय धुतले नव्हते. म्हणायची, तुकड्यानं आलेल्याचे काय पाय धुवायचे, जीव आला की धुवीन. आता जीव आला होता. रांजणातलं थंडगार पाणी तिनं आधी घोडीच्या पायांवर घातलं, आणि उरलेलं, बैलाच्या पाठीवर घालतात तसं, तापलेल्या ब्लॉकवर.

चर्र झालं, वाफ उठली, आणि वाफेच्या आतून बारीक टक् असा आवाज आला. तुमचा पान्ह्यावरचा हात थांबला. मी तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही मायकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहूनच म्हणालात, "झालं पाय धुनं? बरं केलं." माय रिकामा गडवा घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः खडू घासला. डावीकडच्या भिंतीवर, गार पाणी पडलं होतं तिथंच, करंगळीएवढी ओली रेघ आली. मी मागं उभी आहे हे तुम्हाला माहीत होतं. बाहीनं रेघ पुसलीत आणि म्हणालात, "माहाच कान चुकला, पोरी. तडा पह्यलेपासूनच असन." मी तोंड उघडलं, तर तुम्ही चुलीकडे मान केली. आत माय होती. मला समजलं. सगळं सोडलेल्या बाईकडे एवढं एकच उरलं होतं, तेही तुम्ही कसं काढून घेणार होतात?

तड्यावर तुम्ही तांब्याचे बारीक खिळे ओळीनं ठोकले, वर पत्रा बसवला आणि इंजिन नावेवर चढवलं. यवतमाळला निरोप धाडला, तो डिझेलवाला ठेव. त्याला यायला वेळ होता, आणि मलाही वेळ होता. पण पाऊस लवकर आला, आणि माझ्या कळा त्याच्याहून लवकर आल्या.

दुपारची वेळ. नावेत आपण तिघं. माझं डोकं मायच्या मांडीवर. अर्ध्या नदीपर्यंत तो खरोखर घोड्यासारखा धावला, बाबा. धार कापताना नावेचं तोंड वर उठलेलं मला अजून दिसतं. पलीकडचं बाभुळबन जवळ येतं आहे, तुम्ही ओरडता, "आलं, पोरी, आलं." आणि मग वाफ. पत्रा सुटतो. इंजिन खोकतं, बंद पडतं, आणि नदीचा आवाज एकदम मोठा होतो. तुम्ही बांबू घेता, पण बांबूला तळ लागत नाही. धारेनं आपल्याला खूप खाली नेऊन टाकलं, माणूस ना वस्ती अशा काठावर. तिथंच मी बाळंत झाले. मुलगा होता. तो रडला नाही.

गावी परतल्यावर लोक जमले तेव्हा, कुणी काही विचारायच्या आधी, तुम्ही सांगून मोकळे झालात. "ब्लॉक तडकेल होता. मले आयकू आला नाही." गावात ते पसरायला किती वेळ? मिस्त्रीचे कान गेले. जिनात बिघाड झाला की सगळे हातोडी तुमच्याकडे द्यायचे, ते द्यायचे बंद झाले. तुम्ही कुणाला उलटून बोलला नाहीत. पुढची सगळी वर्षं तुम्ही बहिऱ्यासारखे वागलात, माय चुलीजवळून बोलली तरी "काय म्हनतं?" असं दोनदा विचारायचात. मी माहेरी आले की मला ते बघवायचं नाही.

आता मायचं ऐका. शेवटच्या दुखण्यात मी तिचे पाय चेपत होते. म्हणाली, "टक् झालेलं म्याही आयकलं होतं, बाई. तुह्या बाबानं माह्याकडे पाह्यलं नाही ना, तवाच समजली मी." मी म्हटलं, मग बोलली काहून नाही? म्हणाली, "त्यायले वाटे का मले माहीत नाही. तेवढंच सुख होतं त्यायच्यापाशी. ते कायले मोडू?" आणि भिंतीकडे तोंड करून रडली, म्हातारं माणूस रडतं तशी, आवाज न करता.

मला राग आला, बाबा. तुमचा आणि तिचा, दोघांचा. तुम्ही तिला झाकलंत, तिनं तुम्हाला झाकलं, आणि त्या दोन पांघरुणांखाली माझ्या लेकराचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. मी कुणाला दोष देऊ? पाय धुणाऱ्या बाईला? घोडा निवडणाऱ्या बापाला? दोघांनी जे केलं ते माझ्यावरच्या मायेनं केलं. दोष द्यायला कुणी असतं तर माझं रडणं कधीच संपलं असतं.

हे पत्र मी मायच्या लुगड्यात गुंडाळून ठेवणार आहे, दुसरी जागा सुचत नाही. एकच सांगायचं राहिलं. त्या काठावर तुम्ही त्याला तुमच्या सदऱ्यात गुंडाळलं आणि मला विचारलं, "पाह्यतं का?" मी मान फिरवली. पाहिलं नाही, असंच आजवर सगळ्यांना सांगत आले, मायलाही. पण तुम्ही वळलात तेव्हा सदरा थोडा सरकला होता. मी पाहिलं, बाबा. त्याचे कान तुमचे होते.