पंपघराची जागा

११ जानेवारी

चि. भिंगरीस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू नुसती हं हं करतेस आणि इकडे लॉन्ड्रीतलं गिऱ्हाईक कान टवकारून ऐकतं. एका जागी बसत नाहीस म्हणून लहानपणी तुझं नाव भिंगरी पडलं. सध्या मात्र घरभर मीच फिरते आहे.

नगरपालिकेची नोटीस आली. आपल्या वस्तीमागची पाणथळ आता राखीव होणार, तिच्यात सांडपाण्याचा थेंब जाता कामा नये. मी म्हणेन बरंच झालं. पावसाचं पाणी तीच पिते म्हणून आपली घरं कोरडी राहतात. पण माझ्या लॉन्ड्रीचं साबणपाणी जाणार कुठे? भुयारी गटाराला जोडा, नाहीतर लॉन्ड्री बंद करा, असं लिहिलंय. आणि गटार आहे कुठे? सेप्टिक टाक्या तुंबल्यात, खालच्या गल्लीत तर न्हाणीघरातून पाणी उलटं घरात येतं. दवाखान्याच्या चादरी धुऊन तुला वाढवलं, आता या वयात दुसरं काय करू?

आराखडा तुझ्या कचेरीत होतोय असं कानावर आलं. खरं का? वेळेवर जेवत जा. माझा लोभ फुकट आहे, हवा तेवढा घे.

तुझी आत्या


२० जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून झोप उडाली, कारण आराखडा माझ्याच टेबलावर आहे. साहेब म्हणाले, गाव तुमचं, तुम्हीच बघा. आधीच्या आराखड्यात गटाराची मोठी नळी थेट पाणथळीतून काढली होती, उतार आयता मिळतो म्हणून. मी भांडून ती रद्द करून घेतली. आता नळी रस्त्याच्या बाजूने जाईल. पण मग मैलापाणी चढावर ढकलायला पंपघर लागतं, आणि ते वस्तीतल्या सगळ्यात सखल जागी हवं, तरच खालच्या गल्लीचं पाणी आपोआप तिथवर येईल.

ती जागा म्हणजे तुझं कपडे वाळत घालायचं अंगण.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. पंप घरघरतो, झाकण उघडलं की वास येतोच. तो चादरींना लागला तर दवाखाना तुला काम देईल का? अजून सगळं पेन्सिलीत आहे. तू कोणापाशी बोलू नकोस, मी काहीतरी करते. राग न धरता लोभ धर, इतकंच मागते.

तुझी भिंगरी


१ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. पंपघर तुझ्या अंगणातून हलवलं. शाळेतल्या मास्तरांच्या घराशेजारचा कोपरा मोकळा आहे, तिथे दाखवलं. तो जरा उंचावर आहे, त्यामुळे खालची गल्ली आत्ता जोडता येणार नाही, तिला दुसऱ्या टप्प्यात घेऊ. तुझी लॉन्ड्री रस्त्यालगत आहे, ती जोडली जाते. साहेबांची सही झाली, नकाशा छापायला गेला. जागा का बदलली हे कोणी विचारलंही नाही, तेच जरा बोचतंय. असो. लॉन्ड्री वाचली, आता स्वस्थ झोप. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गप्प राहा म्हणालीस आणि मी काल नेमकी बोलून बसले. शाळेत वस्तीची सभा होती. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, पंपघराला जागा द्या, गटार देतो. झालं! गटार सगळ्यांना हवं, पंपघर मात्र शेजाऱ्याच्या दारात. मास्तर म्हणाले, आमच्या हिला दमा आहे. दुसऱ्याला एकदम आपली जुनी डोकेदुखी आठवली. शेवटी खालच्या गल्लीतली एक बाळंतीण उठली. तान्हं पोर बाजूला ठेवून ती रोज घरातलं घाण पाणी उपसते. ती हे सांगत असताना सगळे आपापल्या चपला बघत होते. माझ्याने बघवेना. उभी राहिले आणि म्हणाले, घाला माझ्या अंगणात.

टाळ्या पडल्या. घरी आल्यावर अंगणातल्या दोऱ्या मोजत बसले. चादरींचं बघेन काहीतरी, गच्चीवर दोऱ्या बांधीन. तेव्हा तुझी पेन्सिल ठेव आणि शाईने काढ. आज आशीर्वाद जरा घाबरट आहेत, सांभाळून घे.

तुझी आत्या


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली, तुझं पोचायच्या आधीच मी नकाशा पाहिला आणि तोंडघशी पडले. नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लागलाय. पंपघर मास्तरांच्या कोपऱ्यावर, खालची गल्ली रेषेबाहेर. लोक म्हणतात, बाईने सभेत टाळ्या घेतल्या आणि आतून भाचीला सांगून जागा बदलून घेतली. मास्तर मला बघून रस्ता बदलतात. ती बाळंतीण दारात येऊन उभी राहिली, माझ्या अंगणाकडे बघितलं आणि निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसरा टप्पा म्हणजे कधीच नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. कोणी सांगितलं होतं गं तुला हा शहाणपणा करायला? मला विचारायचं होतंस.

लोभाचं आज लिहीत नाही.

आत्या


२३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चुकलं. तुझं सभेचं पत्र हाती आलं तेव्हा नकाशा भिंतीवर लागलेला होता. साहेबांना सगळं सांगितलं, ते म्हणाले, गप्प बसा, हरकती आल्या की बघू. मला गप्प बसवत नाही. हरकतींच्या सुनावणीला मी येते आणि सगळ्यांसमोर सांगते, की आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, जागा मी माझ्या मनाने हलवली. हे काम माझ्याकडून जाईल, जाऊ दे. त्या दिवशी माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर तोंडातून शब्द फुटणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस अनेक, अनेक आशीर्वाद.

मी बघितलं. तरी तू बोललीस, सगळं, काही न लपवता. पंपघर माझ्या अंगणात परत आलं आणि खालची गल्ली रेषेच्या आत आली. मास्तरांनी सर्वांदेखत मला हात जोडले. मी तुला शोधत बाहेर आले, तर तू मिळेल त्या बसने निघून गेली होतीस. घरी घोटभर चहाला थांबली नाहीस. तुला या कामावरून काढलं तेही मला परक्यांकडून कळलं.

लोक आता मला मोठ्या मनाची म्हणतात. ते ऐकलं की उठून चालायला लागते, कारण एक गोष्ट कोणाला माहीत नाही. भिंतीवरचा तो नकाशा पाहिला तेव्हा मला आधी राग आला नाही. आधी आनंद झाला. अंगण वाचलं म्हणून मी नगरपालिकेच्या जिन्यात उभी राहून चक्क हसले. मागे लोक कुजबुजायला लागले तेव्हा भानावर आले, आणि त्या आनंदाचा राग तुझ्यावर काढला. तू हाताने केलंस, मी मनाने केलं, एवढाच फरक. पण सुनावणीत तू एकटी उभी होतीस आणि मी खुर्चीत मोठ्या मनाची होऊन बसून राहिले.

काल मोजणीवाले आले, दोऱ्या सोडून घेतल्या. गच्चीवर चादरी नीट वाळतात की नाही, दवाखाना राहतो की जातो, काहीच कळत नाही. मला भीती वाटते गं. हे इथे कोणाला सांगता येत नाही, मीच टाळ्या घेतल्यात ना. आशीर्वाद, लोभ सगळं पुढच्या वेळी सावकाश लिहीन. आत्ता तू ये.

तुझी आत्या