दोन महासत्तांचे पंधरा गुलाब

ब्लागोव्हेश्चेन्स्क, ९ ऑक्टोबर

आदरणीय क्लावदियामावशी,

ईस्टरनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची लाज वाटते. कामात होते असं लिहिणार होते, पण ते अर्धंच खरं. उरलेला अर्धा आळस. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? बकरीने यंदाही शेजाऱ्यांचा कोबी फस्त केला का?

इकडे सगळं ठीक. रोद्योनने उन्हाळ्यातच गॅसची शेगडी आणून ठेवली. (खाली भट्टी असलेली. तिच्यात सध्या बटाटे ठेवतो.) कारण आमचे साहेब, आर्काडी फोमिच, यांनी शब्द दिला होता की चिन्यांशी गॅसच्या दराचा करार झाला की हिवाळ्याआधी तुमच्या गल्लीत गॅस. त्या शब्दावर तुझ्या जावयाने साठवलेली सगळी लाकडं शेजाऱ्याच्या न्हाणीघराला देऊन टाकली. त्यामुळे मंगळवारच्या बैठकीत देशाचं काय व्हायचं ते होवो, आमची चूल मात्र पणाला लागली होती. आणि दुभाषी होते मी.

मी महिनाभर गॅसच्या नळातला दाब, घनमीटर आणि दंडाची कलमं यांचे चिनी शब्द घोकत होते. फुलांचा विचारच सुचला नाही. नदीपलीकडून त्यांच्या प्रमुख छ्याओबाई आल्या आणि त्यांनी साहेबांना आठ गुलाब दिले. त्यांच्याकडे आठ म्हणजे भरभराट. आपल्याकडे समसंख्येची फुलं फक्त मयताला नेतात, ते तुला सांगायला नको. साहेबांनी नजरेनेच मोजली आणि माझ्या कानाशी लागले, "ताइसियाबाई, या मला पोचवायला आल्यात का?" तोवर आमचे सात गुलाब छ्याओबाईंच्या हातात पडले होते. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाचे विधी दर सात दिवसांनी करतात. त्यांनी मला हळूच विचारलं, "माझं काही बरंवाईट झालंय असं तुमच्या साहेबांना कुणी सांगितलं का?" मी दोन्ही वाक्यांचं भाषांतर "आपलं स्वागत आहे" असं केलं. (दुभाष्याच्या धर्मात हे बसतं का, यावर अजून विचार चालू आहे.)

मग बराच वेळ कुणी दराचं नावच काढेना. साहेब थंडीबद्दल बोलले, बाई नदीबद्दल. चहाच्या वेळी, फुलं पाण्यात ठेवते म्हणून मी दोन्ही गुच्छ आत नेले आणि बाहेर आणताना अदलाबदल केली. चुकून नाही, मावशी. मुद्दाम. साहेबांपुढे सात, बाईंपुढे आठ.

दोघांचेही चेहरे खुलले. मी मनात शेगडीतले बटाटे बाहेर काढायला घेतले. पण साहेब मला म्हणाले, "बघितलंत? एक फूल मागे घेतलं. वाकतायत. आता दर एक कोपेकही उतरवायचा नाही." आणि टेबलाच्या पलीकडे छ्याओबाई आपल्या माणसांना सांगत होत्या की रशियनांनी एक फूल वाढवलंय, म्हणजे त्यांना गरज आहे, आता ताणून धरा. दोघांनी संध्याकाळपर्यंत ताणून धरलं. शेवटी पेल्मेनी खाल्ल्या, ज्याची फुलं त्याच्याच घरी परत गेली आणि पत्रकात "परस्परांच्या भावनांचा आदर" असं छापून आलं. दराचं वसंतात बघू.

मी फुलांना हात लावला नसता तर करार झाला असता का? की भांडण झालं असतं? रोज दोन्ही बाजूंनी विचार करते. रोद्योन म्हणतो, विचाराने घर तापत नाही.

सगळ्यांना आठवण सांग.

तुझी ताइसिया

ता.क. काकांचा ट्रक या आठवड्यात रिकामा आहे का? बर्चची लाकडं हवीत, असतील तेवढी. पत्र खरं तर याचसाठी.

ता.क. २. शेजाऱ्याकडे आपलीच लाकडं परत मागायला गेले होते. तो म्हणाला, "आधी गॅस येऊ दे, मग बघू." वर न्हायला बोलावलं. जाऊन आले. लाकडं चांगली होती.

ता.क. ३. काका विचारतील, म्हणून सांगून ठेवते: चीनला जाणारा गॅसचा नळ आमच्या घरामागच्या टेकडीपलीकडूनच जातो. त्यांनी हसायचं असेल तर लाकडं उतरवून झाल्यावर हसावं.

उद्या: धुराड्यातली काजळी काढणे.