आईंची गोळी

शंतनु,

"पेशंटपासून लपवू नका," असं डॉक्टर पाच वर्षांपूर्वी म्हणाल्या, तेव्हा "आमच्या आई घाबरतील" असं सांगून मीच विषय बंद केला होता. आज आईंना सगळं सांगितलं. तेव्हा काढलेली गाठ कॅन्सरची होती, आणि रोजची गोळी ताकदीची नाही, तो परत येऊ नये म्हणून आहे. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास.

शुक्रवारी डॉक्टर विचारतील, गोळी थांबवायची की आणखी पाच वर्षं घ्यायची. घेतली तर हाडं ठिसूळ होऊ शकतात, थांबवली तर कॅन्सर परत उद्भवण्याचा धोका थोडा वाढतो. तपासण्या दोन्हींत चालूच. हे मोठ्या अक्षरात लिहून फाइलवर लावलंय. ठरवायचं आईंनी.

त्या रडल्या नाहीत. "शेजारच्या सुमनताईंना माहीत होतं?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं, तर उठून खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

इराच्या लसीची आजचीच तारीख आहे, म्हणून निघावं लागतंय. कुकर झालाय, वरणाला फोडणी दे. "टेन्शन नको घेऊस, मी बघतो" असं मात्र आज त्यांना म्हणू नकोस. चपला काढल्या की आधी त्यांच्या दाराशी जा, हाक मार, आणि त्या ठीक आहेत का ते बघून मला फोन कर.

प्रांजली