बांध, बातमी आणि एकेचाळीस साक्षी

मी, शत्रुघ्न काशिनाथ भोईर, वय ५७, राहणार फुलपाडा, विरार पूर्व, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. शिक्षण नववी. छपाई, कॅमेरा आणि शुद्धलेखन माझं मीच शिकलो. म्हणून यातल्या कानामात्रेलाही मीच जबाबदार.

१. राहता फ्लॅट पत्नी हंसा हिला. माझ्या साप्ताहिकाच्या गठ्ठ्यांना तिने अख्खी बाल्कनी दिली. त्याचे आभार राहून गेले होते, ते इथे मानतो.

२. स्कूटर पुतण्या विकीला. बाकी काही नाही. "काका, साक्षींतला रडण्याचा तेवढा तुकडा द्या, निवडणुकीत चालेल," असं तो मला म्हणाला आहे.

३. आता मुख्य. २००८ च्या उधाणात गावच्या खाडीकाठच्या खाजणाचा बांध फुटला, वरच्या पाड्याचं भात खारं झालं. मी पहिल्या पानावर ४८ पॉइंटमध्ये छापलं : 'बांध खालच्या पाड्याच्या सुधाकर म्हात्रेने फोडला'. वर ऐकलं, खाली विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं घर जाळलं. दोन्हीकडून कोयते निघाले. बांध गेला होता खेकड्यांच्या बिळांनी. शेतकऱ्याचा मुलगा असून मी बांधावर जाऊन पाहिलं नव्हतं. ते कुटुंब तीन वर्षं कामणला राहिलं. सुधाकर तिथेच वारला.

४. पुढे दोन्ही पाड्यांच्या साक्षी कॅमेऱ्यावर घ्यायला गेलो. सुधाकरच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या, "आदी तुजी चूक सगल्यांसमोर वाच. मंग माजा बोलना भरून घे." देवळाच्या ओट्यावर वाचली, छापली तीही ४८ पॉइंटमध्येच. मग त्या बोलल्या. त्यानंतर वरच्या पाड्याचा धनेश घरत उठला : "काडी मी लावली." तेव्हापासून प्रत्येक साक्ष छापण्याआधी समोरच्या पाड्याला ऐकवली. अशा एकेचाळीस झाल्या. त्या समोर ठेवून गावच्या समितीने समझोता लिहिला, म्हात्र्यांचं घर उभं राहिलं. कौलं धनेशने चढवली. मला पुन्हा ओट्यावर बसू दिलं, याबद्दल दोन्ही पाड्यांचा मी ऋणी आहे.

५. या साक्षी यमुनाबाईंची सून दिपिका आणि धनेशची मुलगी अनुष्का यांच्या संयुक्त ताब्यात राहतील. कोणीही येऊन ऐकाव्यात, पण पूर्ण. तुकडा कोणालाही देऊ नये. विकीला तर नाहीच.

मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला, मग त्यांच्यासमोर सही केली.

विरार, १६ फेब्रुवारी २०२५
(सही) शत्रुघ्न काशिनाथ भोईर

साक्षीदार :
(सही) धनेश जयराम घरत
(सही) यमुना सुधाकर म्हात्रे. कलम ३ मदी तीन नाय, चार वर्सं. पयलं वरीस ह्यानं धरलाच नाय.

दुरुस्ती मान्य. चार वाचावे. — श. का. भोईर