बुधवारावरचा शिक्का

कावासाकी, ३ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेलं लाल दप्तर पोचलं. सोमवारी इतोहाची शाळा सुरू. ते पाठीवर घेतलं की मागून नातच दिसत नाही.

सध्या मी नावं घालतेय. शाळेची गणिताची पेटी आली: मोजायच्या काड्या, रंगीत चकत्या, घड्याळाचे काटे. मिळून तीनशे एकोणतीस तुकडे, आणि प्रत्येकावर मुलीचं नाव हवं. बाकीच्या आया छापील पट्ट्या चिकटवतात. सासूबाईंचं म्हणणं पडलं की आईचं अक्षर पाहिलं की पोराला धीर येतो, म्हणून मी हातानेच लिहितेय. मुंगीला कुंची शिवण्यातला प्रकार आहे.

हिसातोची साप्पोरोची बदली अजून दीड वर्ष आहे, तोवर नवरा फोनवरच. पाळणाघरात सुट्टीचा डबा लागतो, म्हणून सकाळी कान-डोळे लावून भाताचा पांडा करते आणि मग दवाखान्यात कामाला पळते.

एक गंमत सांगते. काल पाळणाघराच्या फाटकाशी तीन मुलं बाहेर आली. चौथी आमची असणार, असं वाटलं आणि मनात आलं, नसली तर बरं, पाच मिनिटं मिळतील. आहे की नाही वेडेपणा? बाकी सगळं उत्तम.

लोभ आहेच, तो वाढवा. फक्त त्यावर नाव घालायला मला सांगू नका.

आपली,
इतोहाची आई

इचिकावा-मिसातो, ५ एप्रिल

चि. तोमोएस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, पांडा वगळून. फोनवर तू सगळं उत्तम म्हणतेस तेव्हा मी गप्प बसतो, कारण फोनवर खोटं बोलायला दोन सेकंद पुरतात. पत्रात माणूस कुठेतरी सापडतोच. खाली सही काय, तर इतोहाची आई. अगं, मी तुझा बाप की तिच्या वर्गातला पालक? पंधराव्या वर्षापासून लोकांच्या नावांचे लाकडी शिक्के कोरतोय, त्यावरच हे दुकान उभं केलं. पण बापाला पत्र लिहिताना स्वतःचंच नाव विसरलेलं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

ती फाटकाची गंमतही मला गंमत वाटली नाही. तू पाच वर्षांची असताना तुझी आई आठ महिने इस्पितळात होती. दुकान, स्वयंपाक, तुझ्या वेण्या, सगळं मी करायचो आणि लोक वाहवा करायचे. एका दुपारी गोनपेई न्हाव्याकडे गेलो. दाढी झाली, केस झाले, तरी खुर्चीतून उठवेना. तू बालवाडीत वाट बघत होतीस आणि मला घरी जायचं नव्हतं. गोनपेई म्हणाला, इसाकु, आता कापायला कानच उरलेत, उठतोस की कापू? मग मी सगळं बोललो. त्याची बायको आतून ओरडली की दर बुधवारी पोरीला इकडे आणून टाक, आणि त्या दिवशी पुन्हा तोंड दाखवू नकोस. बुधवारी मी नुसता झोपायचो. दोनेक महिन्यांनी तुझ्या वेण्या घालताना आपण गुणगुणतोय असं लक्षात आलं.

तेव्हा एवढंच कळव: तुझं तसं झालंय का?

सोबत शिक्के आहेत. इतोहाच्या नावाचे सहा, सगळ्यात धाकटा काडीवर मावेल असा. सातवा तुझ्या नावाचा. तो उमटवल्याशिवाय आलेलं पत्र मी घेणार नाही, पोस्टमनला सांगून ठेवलंय.

तुझा,
बाबा

कावासाकी, ९ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हो. झालंय.

शिक्के सोमवारी आले. रविवारी दुपारी तीनशे अकरा तुकडे हाताने लिहून झाले होते आणि एक काडी सापडेना. मी इतोहावर ओरडले आणि पेटीच भिरकावून दिली. ती रडली नाही. गुडघ्यांवर बसून काड्या गोळा करत होती आणि प्रत्येकीला माफ कर म्हणत होती. मला काही वाटलंच नाही, बाबा. भिंतीकडे बघावं तशी बघत बसले. माझं तिच्यावरचं प्रेम संपलंय, याची तेव्हापासून भीती वाटतेय.

आज नगरपालिकेच्या आरोग्यसेविकेकडे गेले. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, गरम जेवण निवांत बसून शेवटचं कधी जेवलात? आठवेना. ती म्हणाली, प्रेम कुठे जात नाही, तुम्ही संपत आलाय. एका झोपेने भरून निघणारं हे दमणं नाही. कामं कमी करा, माणसं वाढवा, आणि पुन्हा असा तोल जातोय असं वाटलं तर तेव्हाच्या तेव्हा मला फोन करा.

हिसातोला यातलं काही माहीत नाही. त्याला रोज पांड्याचा फोटो जातो. आता काय सांगू?

तुमची,
तोमोए (शिक्का मारलाय)

इचिकावा-मिसातो, १२ एप्रिल

चि. तोमोएस,
अ. उ. आ.

पत्र घेतलं. वाचून डोळे पुसले आणि मग जेवलो, गरम.

तुझं तेच पत्र सोबत परत पाठवतोय. दुसऱ्या पाकिटात घातलंय, त्यावर साप्पोरोचा पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय. टपालपेटीत मीही टाकलं असतं, पण खाली नाव तुझं आहे, तेव्हा टाकायचं तू.

मंगळवारी येतोय, तीन आठवड्यांसाठी. मला एकच पदार्थ येतो, भोपळा घालून शेवयांचा रस्सा. तो तुम्ही दोघी मुकाट्याने खाल. डब्यातल्या भाताला डोळे दिसले तर ते मी खाईन.

तुझा,
बाबा

कावासाकी, २२ मे, बुधवार

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून इतोहा तोच रस्सा मागते आणि केला की नाक मुरडते. म्हणे आजोबांचा खाली लागलेला असायचा.

हिसातो पत्र मिळालं त्याच शुक्रवारी आला होता, ते तुम्ही पाहिलंच. आता दर दुसऱ्या शुक्रवारी येतो आणि शनिवारी मलाच घराबाहेर काढतो. इकडे बदलीचा अर्जही केलाय. सासूबाईंना त्याने सगळं सांगितलं. तेव्हा त्यांनी कबूल केलं की हिसातोच्या काड्यांवरची नावं त्यांच्या धाकट्या बहिणीने लिहिली होती.

दर बुधवारी खालच्या मजल्यावरच्या उन्नोबाई इतोहाला नेतात. मंगळवारी त्यांची दोन मुलं माझ्याकडे. परवा इतोहाने सातवा शिक्का पळवला आणि कॅलेंडरवरच्या सगळ्या बुधवारांवर मारला, थेट डिसेंबरपर्यंत. नाव घातलं की वस्तू हरवत नाही, असं तिचं म्हणणं.

वाईट दिवस अजून येतात. गेल्या गुरुवारी आला होता. मी आरोग्यसेविकेला फोन केला आणि तो गेला.

काल फाटकाशी तीन मुलं बाहेर आली. चौथी आमची नव्हती. पाचवीही नव्हती. मी टाचा उंच करून बघत होते.

लोभ वाढवा. नाव मी घालीन.

तुमची,
तोमोए