मागच्या सीटवरून

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि माझी गाडी घेऊन गेलं!

"काका, एक चक्कर मारून बघतो," म्हणाला. मी किल्ली दिली. पस्तीस वर्षं कारकुनी केली, पण माणसाचं नाव विचारायचं सुचलं नाही. पाऊण तास फाटकात उभा होतो. शेजारच्या सुमनबाई दोनदा विचारून गेल्या, "भाऊ, कुणाची वाट बघायलाव?" काय सांगणार?

आला एकदाचा. हँडलला भाजीची पिशवी. गंगाखेड रोडला बहिणीला डबा देऊन आला होता. "गाडी लय चांगली हाय काका, पण आमाला सेल्फची पाहिजे." सेल्फ नाही हे त्याला अंगणात उभं राहूनही दिसत होतं. पेट्रोलचा काटा मात्र खाली.

मुलाला, सोमेश्वरला फोन केला. पुण्याहून जाहिरात त्यानेच टाकली आहे. आधी हसला. मग म्हणाला, "आप्पा, कुणाला एकटं सोडू नका. मागे बसत जा." पुढे नेहमीचंच – गाडी विका, घराला कुलूप लावा, डिसेंबरात इकडे या, तिथे एकटे काय करता.

त्याची आई, वैजयंती, नातीला भरवत होती. फोनवर आली नाही.

४ नोव्हेंबर

नियम लिहून काढले. लायसन बघायचं. त्याच्या स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या खिशात. जिंतूर रोडने गावाबाहेरच्या वजनकाट्यापर्यंत जायचं, तिथून परत. चक्कर कुणीही मारो, मागे मी बसणार.

खाली सवयीने लिहिलं – "मान्यतेस्तव सादर." सही करणारं घरात कोण आहे?

६ नोव्हेंबर

पेडगावचा जीवन नावाचा दूधवाला. लायसन दाखवलं, किल्ली दिली, सगळं रीतसर. मी मागे बसलो.

चौदा वर्षं गाडी माझी, पण या सीटवर आज पहिल्यांदा बसलो. हात कुठे ठेवायचे कळेना. वैजयंती एका बाजूला पाय सोडून बसायची, एक हात मागच्या दांडीला, एक मांडीवरच्या पिशवीवर. गाव मागे पडलं की पिशवीवरचा हात माझ्या खांद्यावर यायचा. परत येताना वजनकाटा दिसला की मी म्हणायचो, "गाव आलं." ती हात काढायची. ऑफिसची माणसं बघतात, म्हणून. बघितलं असतं तर काय झालं असतं, हे आता सांगता येत नाही.

मागून दिसतं काय? जीवनच्या शर्टाची कॉलर. मळलेली. बारा वर्षं तिने माझी बघितली.

"दोन्ही बाजूनी कॅन बसतेल का, बघावं लागंल काका." चहा घेतला. म्हशींवर तासभर बोलला. मीही म्हशींबद्दल बरंच विचारलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. उद्या कळवतो म्हणून गेला.

९ नोव्हेंबर

जीवनचा फोन नाही. दोन कप पालथे घालून ठेवले होते, एकच सुलटा केला.

१० नोव्हेंबर

रात्री वैजयंतीचा फोन. "जेवलात का? गोळी घेतली का?" घेतली म्हणालो. नातीने स्क्रीनवर बोटं आपटली. दोन मिनिटं आणि काही सेकंद.

तिने स्वतः "या" म्हटलेलं नाही. सोमेश्वर म्हणतो, सूनबाईही म्हणते. ती एकदाही नाही. तीही दोन महिन्यांसाठी म्हणून गेली होती – मी रिटायर झालो त्याच महिन्यात. येत्या जानेवारीला दोन वर्षं होतील.

१२ नोव्हेंबर

आजचा मुलगा बरा होता. धम्मदीप. चोवीस-पंचवीसचा, शर्ट इस्त्रीचा. इंजिन ऐकायचं म्हणून हेल्मेट हँडलला अडकवलं. आपल्या गावात हेल्मेटची जागा तीच.

जिंतूर रोडला लागलो तर हा पुढे बसून स्वतःशीच बोलतोय. हळू, पण शब्द न् शब्द माझ्या कानावर. "पंचवीस म्हणायचं. सव्वीसला थांबायचं. अठ्ठावीसच्या वर जायचंच न्हाई." बिचारा घोकंपट्टी करत होता! मला हसू आवरेना.

घरी आल्यावर म्हणाला, "काका, पंचवीस." मी म्हणालो, "अठ्ठावीस." त्याचा चेहरा असा पडला की मलाच लाज वाटली. विचार करतो म्हणून गेला.

संध्याकाळी भाकरी टाकली आणि एकदम लक्षात आलं. मागे बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं. वारं पुढच्याचं बोलणं मागच्याच्या कानात आणून टाकतं.

भाकरी करपली. उपाशीच बसलोय.

१३ नोव्हेंबर

झोप नाही. लिहून टाकतो, वाचणारं कुणी नाही.

अठ्ठ्याण्णव साल. सोमेश्वर वर्षाचा. वैजयंतीने पाथरीच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता, मुलाखतही चांगली झाली होती. घरी टपाल धड पोचायचं नाही, म्हणून पत्ता माझ्या ऑफिसचा. आवक-जावक माझ्याकडेच. जूनमध्ये तिची ऑर्डर आली. पंधरा दिवसांत हजर व्हा.

नोकरीत हजारो पत्रं हाताखालून गेली. आवक रजिस्टरला चढवलं नाही असं एकच.

ड्रॉवरमध्ये कार्बन पेपरखाली ठेवलं. ती रोज विचारायची, "आलं का हो काही?" मी म्हणायचो, "नाही." सोळाव्या दिवशी फाडून टाकलं. पुढे महिनाभर ती विचारत राहिली. मग थांबली. आपण पास झालो नाही, असं समजली.

कारणं होती. मूल लहान, आई आजारी, पाथरी चाळीस किलोमीटर, एसटीचा भरवसा नाही. खरं कारण वेगळं होतं. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त झाला असता. बस्स.

दोन हजार तेराला जिंतूरला भाच्याचं लग्न होतं. तिथून तिला येलदरीचं धरण दाखवायला नेलं. त्या दिवशी ती फार खुशीत होती. पाण्याकडे बघत पेरू खाल्ला, अर्धा मला दिला. परतीच्या वाटेवर मला राहवेना. मान न वळवता, गाडी चालवताच बोललो – पाथरीची ऑर्डर आली होती, मी दाबून ठेवली, माझं चुकलं.

तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. म्हणून पाठीने बोललो.

मागून काही आलं नाही. खांद्यावरचा तिचा हात तेवढा दोन-तीनदा आवळला. रस्ता खराब होता, मला वाटलं खड्डे. वजनकाटा आला. मी म्हणालो, "गाव आलं." घरी येऊन तिने चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळं रोजच्यासारखं.

मी ठरवून टाकलं की वाऱ्यात गेलं, तिला ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. बोलल्याचं समाधान मिळालं आणि शिक्षाही नाही! बारा वर्षं त्याच्यावर काढली.

आणि काल कळलं – तिने सगळं ऐकलंय. बारा वर्षं ऐकून गप्प आहे. ती नातीसाठी गेली असं मी सगळ्यांना सांगत फिरतो.

१५ नोव्हेंबर

"जेवलात का?" हो. "गोळी?" हो. तोंडाशी आलेलं गिळलं.

१७ नोव्हेंबर

सुमनबाई म्हणाल्या, "भाऊ, इतके लोक येऊन चहा पिऊन जायलेत, गाडी काई जाईना. विकायची हाय का न्हाई?" बाई बोलायला फटकळ, पण चुकीचं बोलत नाहीत. परवा एक जण तीस द्यायला तयार होता, त्याला मी उगाच टायरचे दोष दाखवत बसलो. गाडी गेली की फाटक कोण वाजवणार?

धम्मदीपचा फोन आला. पुन्हा एकदा चालवून बघायची आहे. घाईत होता. "काका, ऑर्डर आलीय माझी. एक तारखेला हजर व्हायचंय. लांबून जायचं म्हणल्यावर गाडी पाहिजेच."

"कुठे?"

"पाथरीजवळ. शाळेवर."

पुढे तो काय बोलला ते ध्यानात नाही.

२० नोव्हेंबर

धम्मदीप आला. खिशातून ऑर्डर काढून दाखवली, मी मागितलीही नव्हती. चार घड्या घातलेला कागद. हातात धरवेना.

पुन्हा जिंतूर रोड. मी मागे. शाळेच्या वळणाआधी मोठा ब्रेकर आहे, तो मला पाठ, त्याला नाही. मी म्हणालो, "ब्रेकर आहे, हळू." त्याने वेग कमी केला नाही. दोघेही सीटवरून उडालो. मला वाटलं, पोरगं ऐकून न ऐकल्यासारखं करतंय. मोठ्याने म्हणालो, "धम्मदीप, बाजूला घे." तसाच चालला. मग मी ओरडलोच, "अरे, थांब!" छे! पुढे आरामात चाललाय, स्वतःशी पाढा म्हणत. तो मला स्वच्छ ऐकू येतोय.

वजनकाट्याजवळ गाडी वळवायला थांबला, तेव्हा मान फिरवून म्हणाला, "काका, काई म्हणले का तुमी?"

मी उतरलो. पाणी पितो म्हणून रस्त्याच्या कडेला बसलो. त्याने बाटली आणून दिली, घाबरला होता. "बीपी वाढलं का काका?"

पुढच्याचं मागे ऐकू येतं. मागच्याचं पुढे येत नाही. एवढी साधी गोष्ट! साठ वर्षांच्या माणसाला मागे बसल्याशिवाय कळली नाही.

म्हणजे त्या दिवशी ती बोललीही असेल.

२१ नोव्हेंबर

काय बोलली असेल?

२२ नोव्हेंबर

शिव्या दिल्या असतील तर हक्कच आहे तिचा. "जाऊ द्या" म्हणाली असेल तर ते मी बारा वर्षं उगाच वाया घालवलं. दोन्ही डोक्यात घेऊन दिवसभर घरात फिरतोय. देवघरात इष्टलिंगाची पूजा केली, मन तिथेही नव्हतं. पुण्याला जायचं तर हे विचारल्याशिवाय जाता येणार नाही. एका घरात राहून पुन्हा तिला "गोळी घेतली" एवढंच सांगत बसायचं असेल, तर इथेच बरा.

२४ नोव्हेंबर

धम्मदीपला गाडी द्यायची ठरलं. पंचवीस. तो सव्वीस म्हणायला तोंड उघडत होता, मी थांबवलं. रविवारी, तीस तारखेला घेऊन जाईल. सोमवारी पाथरीला हजर.

"काका, रविवार नक्की ना?" तीनदा विचारलं. हजर व्हायच्या तारखेची धास्ती त्याच्या तोंडावर दिसत होती. नक्की म्हणालो. या वेळी मुदत चुकणार नाही.

२६ नोव्हेंबर

विचारलं.

"गोळी घेतली का?" म्हणाली. मी म्हणालो, "येलदरीहून येताना गाडीवर मी एक बोललो होतो."

मागे नात रडत होती. तिने सुनेला दार ओढून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, "हो."

"तू तेव्हा काही बोलली होतीस का?"

"तुम्हाला आज विचारायचं सुचलं?"

"मला पुढे ऐकू येत नव्हतं, वैजयंती. मला हे आता कळलं. मागे बसलो तेव्हा."

फोन बंद झाला. तिने केला की रेंज गेली, कळलं नाही. परत लावला नाही. भीती वाटली.

२७ नोव्हेंबर

सकाळी पावणेसातला तिचा फोन. या वेळेला ती कधीच करत नाही.

म्हणाली, "गाडी थांबवा म्हणाले होते मी. तीनदा म्हणाले, तीनदा खांदा दाबला. उतरून समोरासमोर बोला, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही म्हणालात, गाव आलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाडी गेली का?"

"रविवारी जाणार."

"मग शनिवारी मी येते. त्याच रस्त्याने न्या. आणि या वेळी मी म्हणेन तिथे थांबवा."

उतरल्यावर काय बोलणार आहे, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दुपारी मेस्त्रीकडे जाऊन ब्रेक नीट करून आणले.