मामा, ते एक फूल नव्हतंच!

प्रिय मामा,

…नाही, पण तू आधी ऐक तर! आपला वाद अजून संपलेला नाहीये. तुझ्या कुंडीतल्या जर्बेराला मी हसायचे ना, देठावर पान नाही, वास नाही, एकदम प्लास्टिकचं! आणि तू चिडायचास, "ए बॉटनीवाली, जवळून बघ तरी!"

आज बघितलं. कॉलेजात प्रॅक्टिकलला मॅडमनी एकेक जर्बेरा दिला आणि ब्लेडने उभा मधोमध कापायला सांगितला. हँडलेन्स लावली आणि मी स्टूलवरून उठलेच! मामा, आपण जिला पाकळी म्हणतो ना, ती प्रत्येक लांब पट्टी एक अख्खं फूल आहे! बुडाशी तिचं स्वतःचं बी धरायची जागा, वर बारीक केसांचा झुपका. आणि मधला तो काळपट गोल? तीपण फुलंच! एवढुशी, नळीसारखी, खेटून बसलेली. बाहेरची आधी उमलतात, मग आतली, मधली सगळ्यात शेवटी. एका देठावर एवढी फुलं, आणि आपण आपले "एक फूल, एक फूल" करत बसलो!

मी बाहेर पळाले आणि तुला फोन लावला.

हो, लावला. रिंगपण गेली. मग आठवलं. कट करेपर्यंत मामीने उचलला.

"कोण, सायली? काय गं… मामा हवे होते?"

तुला जाऊन दोन महिने झाले. तुझ्या पुण्यानुमोदनाला, भंतेजींची वंदना चालू असताना, मीच सगळ्यांना पाणी देत फिरत होते. तरी बोट तुझ्याच नावावर गेलं! असं कसं होतं रे? आणि तूपण ना! सकाळी ड्यूटीवर गेलास तो गेलासच. असं कोणी करतं?

शेवटी मामीलाच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या बर्थडेला एकच फूल द्यायचे, तो अख्खा बुके होता? आणि मी कंजूस म्हणायचे त्यांना!"

आम्ही खूप हसलो.

मग ती म्हणाली, अंबरनाथचं घर सोडून ती वांगणीला तिच्या दादाकडे राहायला चाललीये. तुझी कुंडी एकच. झाड इतकं दाट झालंय की जमिनीलगत पानांचे दोन-तीन वेगळे गुच्छ दिसतात. "मधनं कापून अर्धं तू बदलापूरला तुझ्या घरी ने. माझा हात नाही धजत."

जर्बेराची झाडं अशी मुळासकट वेगळी करून लावतात, मला माहितीये. पण जगलं नाही तर? तुझ्या हातचं दुसरं काहीच उगवत नाहीये आता, मामा!

शब्द देते: कापलंच, तर दोन्हीकडे मुळं नीट येतील असं बघीन. पानं फुटतात तो गड्डा मातीखाली पुरणार नाही, कुजतो तो. आणि जास्त चांगला भाग मामीला देईन.

रविवारी जायचंय. तुला काय वाटतं, लावू सुरी?

तुझीच,
सायली